सरळ रेषेतला लघुग्रह

"तर मग हा लघुग्रह स्वतःभोवती फिरतच नाही, असं लिहू ना ताई?"

यशोधननं लॅपटॉप उघडून पोळपाटाशेजारी ठेवला.

कुसुमताई खाली बसून पोळ्या लाटत होत्या. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्या देवरुखला येऊन राहिल्या होत्या. लघुग्रहाचा उजेड कसा मोजायचा, हे यशोधन त्यांच्याकडेच शिकला. आता त्याला वाटे, आपण त्यांच्याही पुढे गेलो.

"माझे हात पिठाचे आहेत. तूच वाचून दाखव."

"चिलीच्या वाळवंटातली दुर्बीण भाड्यानं घेतली होती. घरात बसून इंटरनेटवरून चालवायचो. लांबुळका दगड फिरला की उजेड बदलायला हवा. आडवा आला की जास्त, टोक समोर आलं की कमी. आणि हा बघा याचा आलेख. सरळ रेष! जरासुद्धा हललेली नाही."

"मोजलंयस मात्र नीट."

"म्हणजे शोधनिबंध पाठवू? खाली तुमचं नाव हवं फक्त."

ताईंनी पोळी तव्यावर टाकली.

"मृदुला कशी आहे?"

यशोधननं लॅपटॉप जरा बाजूला सरकवला.

"त्यासाठीही आलोय," तो म्हणाला. "माहेरी गेलीये, चिपळूणला. येणार नाही म्हणते. तुमचं ऐकते ती. एक फोन करा ना."

"भांडलात?"

"छे हो! भांडली असती तर कळलं तरी असतं. लग्न झाल्यापासून आवाज चढला नाही तिचा. तोच सकाळचा चहा, तेच हसणं. काही बदललंच नव्हतं, ताई... मग झालं काय?"

"सोमवारी जेवायची का रे ती?"

"जेवत असेल की."

"सोळा सोमवार केले तिनं. उद्यापनाला मी आले होते तुझ्या घरी."

"कधी?"

"सकाळीच. चिलीत रात्र होती ना तेव्हा. तू आतल्या खोलीत, दार लावून." ताईंनी पोळी उलटली. "उद्यापनाला जोडीनं बसायचं असतं. तिनं तुझ्या पाटावर सुपारी ठेवली आणि बसली."

"सुपारी?"

"नवरा परगावी असला की ठेवतात."

तव्यावरची पोळी फुगली, बसली.

"मला हाक मारायची..." यशोधन म्हणाला.

"मारली होती. तू आतून म्हणालास, एवढं ढग येण्याआधी होऊ दे."

"...कशासाठी केले होते सोमवार?"

ताईंनी गॅस बंद केला. लाटणं पदरानं पुसलं, फरशीवर आडवं ठेवलं आणि मधोमध बोटं धरून गरकन फिरवलं.

"ऊठ. उभा राहून वरून बघ. लहान होतंय कुठं?"

"नाही. सारखंच दिसतंय."

"म्हणजे फिरत नाही?"

"फिरतंय की! पण..."

ताईंनी लाटणं थांबवलं.

"आता खाली बस. अजून खाली. गाल लाव फरशीला."

"ताई, पीठ सांडलंय तिथे."

"लाव."

कडक इस्त्रीच्या शर्टातला यशोधन गुडघ्यांवर आला. मग कोपरांवर. मग त्याचा गाल फरशीला टेकला.

ताईंनी लाटणं पुन्हा फिरवलं. डोळ्यांसमोर ते लांब झालं, मग नुसतं टोक. पुन्हा लांब, पुन्हा टोक.

लाटणं थांबलं. तो उठला नाही.

"मी वरूनच बघत होतो," तो फरशीवरून म्हणाला. "सगळा वेळ... वरूनच."

ताई पोळ्यांना तूप लावत राहिल्या.

बऱ्याच वेळानं तो उठून बसला. गालाला पीठ लागलं होतं, ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्यानं लॅपटॉप मिटला.

"मग आता काय करायचं, ताई?"

"थांबायचं. वर्ष-दीड वर्षानं तो लघुग्रह आकाशात दुसरीकडे दिसेल. तेव्हा बाजूनं समोर येईल. उजेड कमी-जास्त व्हायला लागेल. तेव्हा मोज."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला काही घाई नसते."

यशोधनच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. तो ताईंकडे सरकला.

"म्हणजे मृदुलाचंही... मी नुसता थांबलो, थोडं जाऊ दिलं, तर..."

ताईंनी त्याच्यासमोर ताट ठेवलं. दोन पोळ्या वाढल्या.

"तो दगड आहे, यशोधन. तो परत येतो."