साहेबांना नको असलेला आठवडा

फुकट जेवणाचं आमंत्रण आलं तेव्हाच द्वारकाआक्कांना संशय आला. तरी धाकट्या बहिणीबरोबर त्या हॉटेलात गेल्या, कारण नलूच्या पर्समध्ये निवृत्तीच्या पैशांचं चेकबुक होतं आणि नलूला कुणालाच नाही म्हणता येत नसे.

जेवणं होताच आमंत्रण देणाऱ्या रिसॉर्ट कंपनीचे निंबाळे साहेब सुरू झाले. महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये दर वर्षी एक आठवडा, तोही जन्मभर! किंमत फक्त सहा लाख.

"आमचे शेजारी जोगळेकर त्यांचा हाच आठवडा दीड लाखात विकतायत," आक्का म्हणाल्या.

"आजी, ते वापरलेलं."

"पुढच्या वर्षीचा आठवडा अजून उजाडला नाही, तो वापरला कुणी?"

साहेबांनी टाय सैल केला. "कंपनीकडून थेट घेणं ही गुंतवणूक असते. पाच वर्षांत दुप्पट!"

नलू सहीला वाकली.

"थांब गं! साहेब, मग जोगळेकरांचा तुम्हीच घ्या. दीडला घ्या, आजच सहाला विका. लावू फोन?"

"कंपनी परत घेत नाही, आजी."

"कंपनीला कोण विचारतंय? तुमच्या खिशातून घ्या."

"मला... मला नको."

"ऐकलंस नलू? ह्यांना दीडलाही नको, म्हणून तुला सहाला देतायत."

नलूनं चेकबुक पर्समध्ये कोंबलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपला भरलेला फॉर्म फाडला आणि खुर्ची आक्कांकडे सरकवली.

"आजी, जोगळेकर सव्वाला देतील का हो?"