अँगस सर्जनची चपळाई

फार लांब, स्कॉटलंड नावाच्या थंड मुलुखात, एका बंदराच्या शहरात अँगस मॅकफी नावाचा सर्जन राहत होता. गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची. तेव्हा गुंगीचं औषध नव्हतं. रोग्याला दारू पाजायची, धटिंगणांनी धरून ठेवायचा आणि पाय कापायचा. तो बिचारा जागेपणी सगळं सोसायचा. अशा वेळी ज्याची सुरी लवकर थांबेल तो सर्जन दयाळू. अँगसची सुरी सगळ्यांच्या आधी थांबायची.

त्याचं मोठं नाव झालं. शस्त्रक्रियेच्या दालनात भोवती चढत्या पायऱ्यांवर बाकं होती. तिथे विद्यार्थी बसत, शहरातले बडे लोकही येत. तशी तिथली रीतच होती. अँगसने सुरी उचलली की खिशातली घड्याळं बाहेर निघत आणि त्यांची झाकणं पटापट उघडत. काम संपलं की झाकणं मिटत आणि टाळ्या पडत. खाली माणूस मरणाच्या दारात पडलेला आणि वर टाळ्या. पण टाळ्या कुणाला कडू लागतात? अँगसलाही लागल्या नाहीत.

पुढे गुंगीचं औषध निघालं. रुमालावर थोडं शिंपडून नाकाशी धरलं की रोगी गाढ झोपे. आता घाईचं काही कारण उरलं नाही. पण लोकांनी घड्याळं काही खिशात ठेवली नाहीत आणि अँगसनेही ती ठेवा असं कधी म्हटलं नाही.

अँगसला डंकन नावाचा थोरला भाऊ होता. तो खेड्यात विणकाम करायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानेच माग चालवून धाकट्याला वाढवलं आणि डॉक्टर केलं. अँगस ज्या कोटात शस्त्रक्रिया करायचा, त्याचं कापडही डंकननेच विणलेलं. तो कोट कधी धुवायचा नाही ही त्या काळच्या सर्जनांची ऐट. कोट रक्ताने जितका कडक, तितका सर्जन थोर. असली ती थोरवी.

एका हिवाळ्यात डंकनचं उजवं कोपर सुजलं आणि आतून सडू लागलं. तो भावाकडे आला. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, त्याची दोरी उजव्या हाताने ओढायची असते. तो हात गेला की माग बंद, आणि मागाशिवाय डंकनला दुसरं काही येत नव्हतं. अँगसने कोपर दाबून पाहिलं. वरून हात कापून टाकणं सोपं होतं. पण सांध्यातलं सडकं हाड तेवढंच काढलं, कोपरामागच्या नसेला धक्का लागू दिला नाही, तर हात वाचणार होता. ते काम किचकट आणि वेळखाऊ होतं. अँगसला ते येत होतं.

"हात राहील ना रे?" डंकनने विचारलं.

"राहील, दादा. तुला झोपवतो आणि सावकाश करतो."

मॅकफी सख्ख्या भावावर सुरी चालवणार, ही बातमी शहरभर झाली. बाकं खचाखच भरली. दार लावून घ्यावं असं अँगसच्या मनात आलंही. पण त्याने लावलं नाही.

डंकन झोपला. अँगसने लहान सुरी घेतली आणि सावकाश काम सुरू केलं. वर झाकणं उघडली. बराच वेळ गेला. कुणी खोकलं, कुणी बूट घासले. एक घड्याळ टकन मिटलं. "म्हातारा झाला," कुणीतरी हळूच म्हणालं आणि बाकांवर हसू पसरलं.

ते ऐकून अँगसच्या अंगाची लाहीलाही झाली. सडकं हाड अर्धं निघालं होतं, नस सुखरूप होती. आणखी तेवढाच धीर धरायचा होता. त्याने लहान सुरी ठेवली, लांब सुरी उचलली आणि कोपराच्या वर नेली. मग पूर्वीसारख्याच टाळ्या पडल्या.

संध्याकाळी डंकन शुद्धीवर आला. अँगस उशाशी बसला होता, तोच कोट अंगात होता. डंकनने डाव्या हाताने पांघरूण चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"फार वेळ लागत होता, दादा," अँगस म्हणाला.

डंकनने त्याच्याकडे मान वळवली. मग म्हणाला, "मी तर झोपलो होतो रे. घाई कुणाला होती?"



डंकन खेड्यात परतला. माग दुसऱ्याच्या घरी गेला. मग तो गुडघ्यांत सूत गुंडाळायचं चाक धरून एका हाताने शेजाऱ्यांच्या सुताच्या कांड्या भरू लागला. अँगस त्यानंतर सावकाश काम करू लागला. त्याने कितीतरी लोकांचे हात वाचवले, पण ते बघायला कुणी आलं नाही. बाकांवरची गर्दी त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एका सर्जनकडे वळली. घाई करू नकोस असं अँगसने त्याला समजावलं, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "पण सर, हे तुम्हीच शिकवलंत."

दर हिवाळ्यात अँगस भावाकडे जायचा. डंकन शेकोटीजवळ खुर्ची ओढायचा आणि एका हाताने चहा ओतायचा. त्या दिवसाचा विषय तो कधी काढत नसे. त्याने शिव्या दिल्या असत्या तर अँगसला बरं वाटलं असतं. शेजारच्या घरात माग चालू असायचा. तिकडे धोटा धावला की इकडे डंकनचा उजवा खांदा आपोआप हलायचा. अँगस ते बघायचा आणि चहा तसाच ठेवून उठायचा.

तात्पर्य: जो आपल्या भरवशावर डोळे मिटून पडला आहे, त्याच्यासाठी काम करावं, बघ्यांसाठी केलं तर टाळ्या आपल्याला मिळतात आणि भोगतो तो.