डेऱ्याखालचं अंडं

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं होतं एक अंडं. तांदळाच्या कणीहून लहान.

कुंभाराच्या अंगणात एक चुंबळ पडली होती. गवताची, गोल गोल. मुंगीने चुंबळीच्या मधोमध अंडं ठेवलं. उन्हात शेकायला.

तेवढ्यात आली गोदूमावशी कुंभारीण. तिने चुंबळीवर डेरा ठेवला. धप्प. डेऱ्यावर मडकं. धप्प. मडक्यावर गाडगं. टप्प. झाली उतरंड.

अंडं राहिलं आत. मुंगी भोवती फिरली, तुरुतुरु तुरुतुरु. कुठेच फट नाही. तिने मान वर केली. बापरे, केवढा हा डेरा. डोंगरच जणू.

"डेरेआजोबा, डेरेआजोबा, जरा कलता का?"

"का गं मुंगी?"

"माझं अंडं दिसेना."

"मी कसा कलू? माझ्या डोक्यावर मडकं. मडकं उतरेल, तर मी कलेन."

मुंगी वर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.

"मडकेकाका, मडकेकाका, जरा उतरता का?"

"का गं मुंगी?"

"डेरा कलेना, माझं अंडं दिसेना."

"मी कसा उतरू? माझ्या डोक्यावर गाडगं. गाडगं उतरेल, तर मी उतरेन."

मुंगी आणखी वर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गाडगेदादा, गाडगेदादा, जरा उतरतोस का?"

"का गं मुंगी?"

"मडकं उतरेना, डेरा कलेना, माझं अंडं दिसेना."

"मी कसा उतरू? डोक्यावर कुणी नाही. पण मला हात नाहीत, पाय नाहीत. मावशी उचलेल, तर मी उतरेन."

मुंगी मावशीकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गोदूमावशी, गोदूमावशी, जरा उचलतेस का?"

"का गं मुंगी?"

"गाडगं उतरेना, मडकं उतरेना, डेरा कलेना, माझं अंडं दिसेना."

"मी कशी उचलू? कडेवर बाळ झोपलंय. उरला एकच हात. एका हाताने एकच भांडं. आणि ते ठेवू कुठे? भांडी ठेवायला गवत पसरलंय, तर त्यावर ही कोंबडी, पसरलीय पाटलीणबाईसारखी. कोंबडी उठेल, तर मी उचलेन."

मुंगी कोंबडीकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, जरा उठतेस का?"

"का गं मुंगी? आत्ता तर बसले."

"मावशी उचलेना, गाडगं उतरेना, मडकं उतरेना, डेरा कलेना, माझं अंडं दिसेना."

कोंबडीने मान वाकडी केली. "काय दिसेना?"

"माझं अंडं."

कोंबडीने पुढे काही विचारलं नाही. काही मागितलंही नाही. ती उठली. फडफड फडफड.

कोंबडी उठली, तशी जागा झाली. जागा झाली, तसं मावशीने गाडगं उचललं. गाडगं उतरलं, तसं मडकं उतरलं. हळूच हं, बाळ जागं होईल. मडकं उतरलं, तसा डेरा कलला.

मुंगी बघतच राहिली. विचारत विचारत ती वर वर गेली होती. आता एकेक भांडं खाली खाली आलं. एवढा मोठा डेरा हलला, एवढ्याशा अंड्यासाठी.

चुंबळीत अंडं होतं. अजून ऊब होती त्याला.

कोंबडीने वाकून पाहिलं. "एवढंसंच?"

"हो."

"छान आहे हो," कोंबडी म्हणाली.

"घेतलंस का गं बाई?" मावशी म्हणाली. "हात भरून आला माझा."

मुंगीने अंडं तोंडात धरलं. निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. मावशीने डेरा तसाच धरून ठेवला.

मुंगी पोचली बिळात, तेव्हा कुठे डेरा बसला चुंबळीत.