पावट्याच्या वेलीची राखण

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, तर आता मध्ये बोलू नका.

फार जुनी गोष्ट. तेव्हा झाडं दुपारी पेंगायची आणि पेंगता पेंगता बोलायची. एका घराच्या परसात पावट्याची वेल भिंतीला धरून वाढत होती. तिच्या शेंड्यावर काळा मावा, रस शोषणारी बारीक कीड, बसला. त्याच्या मागून भिंतीवरून मुंग्या आल्या.

"वहिनी, तुम्ही निवांत झोपा," मुंग्या म्हणाल्या. "आम्ही आहोत राखणीला."

पानांवर माव्याचा गोड चिकटा उन्हात चमकायचा आणि वेल त्या चमकीत डुलत राहायची. लाल पाठीचा ठिपकेदार भुंगा मावा खायला आला, तर मुंग्यांनी त्याला चावून हाकलला. वेलीला वाटलं, केवढी ही आपली काळजी. पण फुलं गळायला लागली आणि शेंग काही धरेना.

"बायांनो, तुम्ही राखण करता, मग मी वाळते कशानं?"

"राखण तुमची कुठं, वहिनी? आमच्या गाईंची," मुंगी माव्याकडे मिशी वळवून म्हणाली. "तुम्ही त्यांचा चारा."

मुंग्या गोडवा घेऊन भिंतीतल्या बिळाकडे गेल्या आणि वारा सुटला, तशी वेलीनं भिंतीला धरलेली बोटं एकेक करून सोडली. ती मातीत आडवी झाली आणि मुंग्यांची भिंतीवरची वाट तुटली. मुंग्या बुंध्याकडून फिरून येईपर्यंत भुंग्यानं शेंडा साफ केला होता. त्या साली शेंगा मातीत लोळल्या, पण धरल्या.

मुंग्यांनी वेलीची माफी काही मागितली नाही. आणि अजून मागितलेली नाही, माझ्या पेरूंची राखण करतो म्हणून सगळे पेरू फस्त करणाऱ्या त्या बंडा साळसकरानं.