चेंडू सरकारचा, दोष तळ्याचा

श्रीमंत रणधीरराव महाराजांचा चेंडू सतराव्यांदा तळ्यात पडला आणि दरबारानं एकमतानं ठरवलं, की दोष तळ्याचा!

"बुजवा हे तळं!" महाराज कडाडले. "शनिवारी इंग्रजांचा एजंटसाहेब गोल्फ खेळायला येतोय. त्याचा चेंडू पलीकडं आणि माझा पाण्यात? उद्या सकाळी मातीच्या गाड्या लावा!"

"योग्यच, सरकार," दिवाण त्रिंबकपंत कमरेत वाकून म्हणाले. "तळं फारच मोठं आहे. उद्धटच म्हणा ना!"

तळ्यात होडीवर गोजरा भोईण उभी होती. बुडालेले चेंडू जाळ्यानं काढून देणं हे तिचं सरकारी काम; पण तिचं आणि काठावरच्या बावीस घरांचं पोट भरायचं ते तळ्यातल्या मासळीवर. तळं गेलं की चुली विझल्या! पण गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती.

खरं सांगायचं तर चूक कुठं आहे ते तिला केव्हाच कळलं होतं. चेंडू लांब धाडायची जी मोठ्या डोक्याची काठी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तिशीतल्या एजंटसाहेबाचा ड्रायव्हर पहारीसारखा ताठ, आणि चेंडूला भिडणारं त्याचं तोंड जवळजवळ सरळ उभं. साहेब सपकन हात फिरवी, त्याला ते झेपे. बासष्ट वर्षांच्या महाराजांचा हात फिरे तो आरती ओवाळल्यासारखा. तरी त्यांनी विलायतेहून साहेबापेक्षाही ताठ ड्रायव्हर मागवला. नरम दांडी म्हणजे भित्रेपणा, आणि वर तोंड केलेली काठी म्हणजे तर बेअदबी! दरबारात कुणी हे खोडलं नाही. दरबाऱ्यांना पगार खोडण्याचा मिळतच नव्हता.

गोजरा होडी काठाला लावून पुढं आली आणि तिनं मुजरा केला.

"सरकार, माती टाकायच्या आदी एक इचारू? तळं हाय तसं ठिवून चेंडू पल्याड गेला तर?"

"कसा जाईल?"

"काठी बदलून."

दिवाणांनी कपाळाला हात लावला. "भोईण आता सरकारना काठी शिकवणार?"

"शिकवत न्हाई जी. पर गळाची काठी रोज माज्या हातात असती. ताठ काठीनं गळ फेकला की पायाशीच पडतुया. लवती काठी लांब फेकती."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "ठीक! उद्या सकाळी दाखव. चेंडू पलीकडं गेला तर तळं राहील. पण ऐकून ठेव, साहेबाच्या काठीपेक्षा नरम काठी हा रणधीरराव हातात धरणार नाही!"

दरबारी खुदखुदले. म्हणजे पोहायचं, पण भिजायचं नाही!

सकाळी गोजरानं काठ्यांच्या खोलीतून पाच ड्रायव्हर आणून गवतावर मांडले. दांडीचा ताठपणा आणि तोंडाचा उतार जिथं छापलेला असतो, तिथं तिनं प्रत्येक काठीला चिंधी गुंडाळली होती.

"हे काय सोंग?" महाराजांनी विचारलं.

"सरकारच्या काठ्या हाईत. नजर लागू ने म्हून!"

झाली पंचाईत! महाराज काठी निवडत ती छाप वाचून, आणि दरबारी वाहवा करत तीही छाप वाचूनच. पहिल्या काठीला दिवाण अंदाजानं "वाहवा, काय दांडी!" म्हणून बसले आणि चेंडू डुबुक! दुसरा डुबुक, तिसरा डुबुक. चौथा तर काठावरच्या चिखलातच रुतला. मागं मातीच्या गाड्या भरून उभ्या होत्या. गोजरानं पाचवी काठी पुढं केली.

"सरकार, जोर लावू नगा. नेहमीचा हात फिरवा, बास."

टक्! चेंडू उंच उचलला गेला, तळ्यावरून, बगळ्यांच्या माळेवरून गेला आणि थेट पलीकडच्या हिरवळीवर पडला.

कुणीही वाहवा केली नाही. कुठल्या काठीची करायची, तेच माहीत नव्हतं!

महाराजांनी अधीरपणे चिंधी सोडली. तोंडाचा उतार साडेबारा अंश, पाचांत सगळ्यांत जास्त. दांडीही सगळ्यांत नरम. आणि खाली राणीसाहेबांचं नाव!

महाराज लालबुंद झाले. "राणीसाहेबांची काठी माझ्या हातात? माझी अट मोडलीस तू! ओता रे माती!"

"थांबा सरकार!" गोजरा पहिल्या गाडीपुढं आडवी झाली. "ह्या काठीचा गुन्हा तरी काय?"

"ती वाकते!"

"कुनाम्होरं?"

महाराज काठी उलटीपालटी करून पाहू लागले.

"सायबाच्या मुलखात मुजऱ्याची चाल न्हाई, त्येची काठी ऱ्हाईल ताठ. पर ह्या दरबारात सरकारम्होरं कोन ताठ हुबं ऱ्हातं? दिवाणसाहेब वाकत्यात, सरदार वाकत्यात, म्या वाकते. आन् लाकडाची एक दांडी सरकारच्याच हातात ऱ्हाऊन वाकत न्हाई! तिला शिक्षा करायची सोडून सरकार तिला विलायतेहून मागीवत्यात!"

महाराजांनी मान वळवून मागं पाहिलं. दिवाण, सरदार, कारभारी, सगळे त्यांच्या रागाला भिऊन कमरेत वाकले होते. एकाचीही पाठ सरळ नव्हती.

महाराजांच्या मिशीला आधी कंप सुटला, मग पोटाला, आणि शेवटी ते पागोटं धरून खो खो हसत सुटले. "पंत, ती ताठ काठी तुम्ही घेऊन जा! तुमच्या घरी एक तरी ताठ वस्तू असू द्या! आणि गोजरा, माग काय मागायचं ते."

"तळं, सरकार."

तिथल्या तिथं हुकूम लिहिला गेला: तळं भोयांकडं वंशपरंपरा राहील, त्यात मातीचं ढेकूळसुद्धा पडणार नाही. सही करता करता महाराज थबकले. इकडंतिकडं पाहून त्यांनी हळूच विचारलं, "आणि शनिवारी साहेबासमोर चेंडू तळ्यातच पडला तर?"

"तर काढून आनून दीन, सरकार," गोजरा तेवढ्याच हळू म्हणाली. "आन् कुनाचा हुता, ते मासळीलाबी सांगनार न्हाई!"