शंभर हातांची भिंत

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. राजा न्यायी खराच, पण त्याच्याहून मोठा डंका वाजे तो राजगुरू आचार्य वाक्पतींचा. गणित म्हणजे त्यांच्या हातचा मळ. कुणी प्रश्न विचारावा आणि तो पुरता होण्याआधी आचार्यांनी उत्तर द्यावे, असा त्यांचा लौकिक. पाठशाळेत मुले विचारात पडली की ती शांतता आचार्यांना सोसवत नसे. मग ते स्वतःच उत्तर सांगत, मुले ते घोकत, आणि सारे खुशीत घरी जात.

राजाची एकुलती एक कन्या इंदुलेखा ही आचार्यांची लाडकी शिष्या. पुढे गादी तिचीच होती. पोर हुशार, पण सावकाश विचार करणारी. आचार्यांचा तिच्यावर पोटच्या लेकीसारखा जीव होता, आणि म्हणूनच ती अडली की त्यांना सर्वांत घाई होई.

एके दिवशी भर दरबारात कालजंघ मांत्रिक आला. त्याच्या पायांना सावली नव्हती. तो म्हणाला, "राजकन्ये, गादीवर बसणार ना? मग सांग. शंभर हात लांब भिंत आहे. तिच्यावर दर दहा हातांवर एक मशाल लावायची, आणि मशाल..."

राजकन्येने बोटांवर काही मांडायला घेतले होते.

"दहा!" आचार्य गरजले.

"दहा," राजकन्या म्हणाली.

दरबाराने माना डोलावल्या. कालजंघ मात्र हसला. "जिच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द, तिला माणसाचे रूप कशाला?" असे म्हणून त्याने चिमूटभर भस्म फुंकले. राजकन्येच्या आसनावर एक साळुंकी बसली होती.

राजाने मांत्रिकाचे पाय धरले. तेव्हा कालजंघ म्हणाला, "माझ्या किल्ल्याला तीन दरवाजे आहेत. तिन्ही हिने स्वतःच्या बुद्धीने उघडावेत, म्हणजे पुन्हा माणूस होईल. गुरूने खुशाल सोबत यावे. मात्र गुरूच्या तोंडून उत्तर निघाले, तर ही जन्मभर साळुंकी राहील."

"राजन, चिंता नसावी. हिला मीच शिकवले आहे," आचार्य म्हणाले. साळुंकीला खांद्यावर घेऊन ते निघाले खरे, पण वाटेत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सारे गणित त्यांना येत होते; उत्तर न सांगता शिकवायचे कसे, तेवढे येत नव्हते.

पहिल्या दरवाजावर एक म्हातारे घुबड बसले होते. ते म्हणाले, "पहिल्या ओळीत एक दिवा. दुसरीत तीन, तिसरीत पाच, चौथीत सात. अशा बारा ओळी. दिवे किती?"

साळुंकी बेरीज करू लागली आणि सातव्या ओळीपाशी घोटाळली. पुन्हा आरंभ केला, पुन्हा घोटाळली. तिने आशेने गुरूकडे पाहिले. उत्तर आचार्यांच्या जिभेच्या टोकावर होते. ते त्यांनी आवंढ्याबरोबर गिळले आणि म्हणाले, "कन्ये, बारा ओळींचे राहू दे. दोनच असत्या तर?"

दारापाशी गुंजांची वेल होती. साळुंकीने चोचीने एक गुंज ठेवली. तिच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून तीन ठेवल्या. मग त्यांच्या भोवती तशाच पाच.

"आचार्य, दर वेळी चौरसच होतो आहे!" ती ओरडली. "दोन ओळींचा दोन बाय दोन, तिनांचा तीन बाय तीन. म्हणजे बारांचा बारा बाय बारा!" बाराचा पाढा तिला पाठ होताच, आज तो पहिल्यांदा उपयोगी पडला. "एकशे चव्वेचाळीस!"

घुबड उडाले आणि दार उघडले.

दुसऱ्या दरवाजापुढे मोठे अंगण होते आणि त्यात एक तांब्याचा राक्षस उभा होता. तो घुमला, "किल्ली पलीकडच्या खुंटीला आहे. मी आणीन. पण सांगशील तेवढेच करीन, आणि सांगशील तसेच करीन. चुका हव्या तेवढ्या कर."

"किल्ली आण," साळुंकी म्हणाली. राक्षस ढिम्म. "बरे, पुढे चाल." राक्षस चालला, भिंतीवर आदळला, आणि आदळूनही जागच्या जागी पाय आपटत राहिला.

"गाढवा, वळ!" असे आचार्यांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते दाबले आणि विचारले, "तू काय सांगितलेस? आणि त्याने काय ऐकले?"

साळुंकी विचारात पडली. "मी थांब म्हटलेच नाही," ती हळूच म्हणाली. मग राक्षसाला म्हणाली, "भिंत लागेपर्यंत चाल. भिंत लागली की उजवीकडे वळ. खुंटीपाशी पोहोचेपर्यंत असेच करत राहा." राक्षस खुंटीपाशी पोहोचला. "आता ती काढ," म्हणताच त्याने खुंटीच उपटली! साळुंकी खुदकन हसली. पाठशाळेत चूक झाली की ती मान खाली घाली. इथे तिला चुकीची गंमत वाटत होती. मग तिने त्याला खुंटीवरची किल्ली काढायला सांगितली, ती कुलपाला लावायला सांगितली, आणि दार उघडले.

आचार्य मनात म्हणाले, इतकी वर्षे ही पोर माझ्यापुढे बसली, आणि मी हिला आज पाहतो आहे. त्यांचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दरवाजात खुद्द कालजंघ उभा होता. मागे लांबच लांब भिंत. "इथे एकदाच बोलायचे," तो म्हणाला. "चुकलीस तर कायमची साळुंकी. शंभर हात लांब भिंत आहे. तिच्यावर दर दहा हातांवर एक मशाल लावायची, आणि मशाल दोन्ही टोकांनाही हवी. मशाली किती?"

आचार्यांनी अर्धाच प्रश्न ऐकला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हा तर दरबारातलाच प्रश्न! दहा म्हण पोरी, आणि चल घरी.

पण साळुंकी बोलेना. ती भिंतीवर जाऊन बसली. तिथून उडाली, पुढे बसली, पुन्हा उडाली. आचार्य मनातल्या मनात ओरडले, अगं, दहा! तुला पाठ आहे ते! शब्द दातांपर्यंत आला, तेव्हा त्यांनी उपरण्याचे टोक तोंडात कोंबले आणि ते दातांनी घट्ट धरून ठेवले. शांतता वाढत गेली. उभ्या आयुष्यात आचार्यांनी एवढी शांतता ऐकली नव्हती.

साळुंकी भिंतीच्या टोकावरून परत आली आणि म्हणाली, "अकरा."

आचार्य मटकन खाली बसले. गेली, माझी लेक हातची गेली, असे म्हणत त्यांनी डोळे मिटून घेतले. गालाला काहीतरी लागले म्हणून उघडले, तर हवेत पिसेच पिसे उडत होती, आणि समोर इंदुलेखा उभी होती. कालजंघाचा आणि किल्ल्याचा मागमूस नव्हता. उघड्या माळावर ऊन पडले होते.

आचार्यांनी तोंडातले उपरणे काढले. "कन्ये, दहा नव्हेत? अकरा कशा?"

इंदुलेखेने तोंड उघडले, आणि मिटले. मग ती वाकली, माळावरचे खडे गोळा केले आणि गुरूच्या ओंजळीत ठेवले.

"आचार्य, आपणच मांडून पाहावे. मी थांबते."

राजगुरू मातीत बसले. खडे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. ती एक शब्द बोलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा हात अगदी पहिल्या खड्यावर थबकला आणि ते लहान मुलासारखे ओरडले, "आरंभाची! आरंभाची मशाल मी मोजलीच नव्हती!"

पुढे इंदुलेखा गादीवर बसली, तिने नीट राज्य केले. त्या राज्यात आजही गुरू प्रश्न विचारतो आणि उपरण्याचे टोक दातांत धरतो. मुले विचार करतात. कहाणी इथे थांबली. खडे ज्याचे त्याने मांडावे.