डोंगराआडची हाक

मोबाइल फोन कुणी पाहिलाही नव्हता, तेव्हाची गोष्ट. आमच्या बंदरावर होड्यांसाठी वायरलेस घ्यायचं ठरलं. शहरातून सबनीस नावाचे विक्रेते आले. त्यांनी एक संच किनाऱ्यावर ठेवला, दुसरा समोरच्या उघड्या समुद्रात पाठवला. आवाज खणखणीत आला.

"वीस मैल ऐकू जाणार, माझा शब्द!" सबनीस छाती फुगवून म्हणाले. सगळे खूश.

चांगुणाकाकूची नजर मात्र बंदराच्या कडेला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर होती. आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याची होडी डोंगरापलीकडे बंद पडली होती. त्याच्या हाका कुणालाच ऐकू आल्या नाहीत; तो कसाबसा वाचला.

"साहेब, आज जेवायला आमच्याकडे. भरलेलं पापलेट आहे," ती म्हणाली. "तोवर हा वायरलेस घेऊन होडीतून डोंगरापलीकडे फिरून या. पान वाढलं की मी इथून बोलावते. माझी हाक ऐकू आली, तरच होडी वळवायची."

सबनीसांनी डोंगराकडे पाहिलं आणि घाम पुसला.

"मध्ये डोंगर असेल तर... माथ्यावर उंच खांब आणि मोठा संच लागेल."

"मग तोच द्या. मासे काही डोंगराअलीकडे येऊन बसत नाहीत."

खांब उभा राहिला, आणि रोज संध्याकाळी काकूची हाक डोंगरापलीकडच्या होड्यांना ऐकू जाऊ लागली. आता तो गंजलाय, काकूही गेली. पण संध्याकाळी तिकडे नजर गेली की अजून ऐकू येतं, "पान वाढलंय रे, होडी वळवा!"